चेतासंस्थेची रचना आणि पेशीपटलाचे व्होल्टेज: कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन करायचा अभ्यास

या दोन विषयांत गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. नावे पाठ असतात, पण त्यांना जागा आणि आकडे चिकटलेले नसतात. कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट, म्हणजे मेंदूच्या कॉर्टेक्सपासून मज्जारज्जूत उतरणारा तंतूंचा जुडगा, हालचालीसाठी असतो हे कोणीही सांगतो. तो बाजू नेमकी कुठे बदलतो असे विचारले की शांतता पसरते. सोडियम बाहेर जास्त आणि पोटॅशियम आत जास्त हेही सगळ्यांना येते. पण पोटॅशियमचे प्रमाण बाहेर दुप्पट झाले तर व्होल्टेज किती सरकेल, यावर हात वर होत नाहीत.

म्हणून अभ्यासाला बसताना काही प्रश्न पक्के धरा. प्रत्येक आयनसाठी (विद्युतभार असलेल्या कणासाठी) दोन: तो कुठल्या बाजूला किती आहे, आणि पटल त्याला आत्ता किती वाट देते? प्रत्येक ट्रॅक्टसाठी तीन: पहिल्या पेशीचे शरीर कुठे, बाजू कुठे बदलते, आणि संपतो कुठे? वाचलेल्या पानातून या प्रश्नांची उत्तरे निघत नसतील तर ते पान अजून झालेले नाही, मग त्यावर कितीही हायलायटर फिरवलेला असो.

सामान थोडेच लागते: कोरे कागद, चार रंगांच्या पेन्सिली, लॉगचे बटण असलेला कॅल्क्युलेटर आणि खेळायच्या मातीचे दोन-तीन रंग. सुरुवात पटलापासून करा. तो भाग लहान आहे, आठवड्याभरात हातात येतो आणि पुढे मज्जारज्जू शिकताना रोज उपयोगी पडतो.

पेशीपटल: आधी आकडे, मग चित्र

पटल म्हणजे फॉस्फोलिपिडचा दुहेरी थर, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि स्टेरॉइड संप्रेरके त्यातून सरळ पार होतात. आयनला मात्र प्रथिनाची वाट लागते. ही वाट दोन प्रकारची असते आणि दोन्हींची गल्लत करू नका. चॅनेल म्हणजे उघडे दार: एका सेकंदात दहा लाखांहून जास्त आयन त्यातून जाऊ शकतात, पण उताराच्याच दिशेने. पंप प्रत्येक फेरीला आपला आकार बदलतो, त्यामुळे सेकंदाला त्याच्या शे-दोनशेच फेऱ्या होतात. पण तो चढावर ढकलू शकतो, आणि त्याची किंमत एटीपीत, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनात, मोजतो.

आता हे आकडे कागदावर लिहा. एकक मिलिमोल प्रति लिटर.

सोडियम: बाहेर १४५, आत १२
पोटॅशियम: बाहेर ४, आत १४०
क्लोराइड: बाहेर ११०, आत ७
मोकळे कॅल्शियम: बाहेर १, आत ०.०००१

पुस्तकागणिक हे आकडे थोडे बदलतात. त्यावर वेळ घालवू नका. एक संच निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. दोन पुस्तकांतले आकडे एकाच गणितात मिसळले की उत्तर जुळत नाही आणि चूक सूत्रात आहे असे वाटत राहते.

नर्न्स्टचे सूत्र शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, असे वापरता येते: ६१.५ भागिले आयनचा विद्युतभार, गुणिले लॉग (बाहेरचे प्रमाण ÷ आतले प्रमाण). उत्तर मिलिव्होल्टमध्ये येते. पोटॅशियमसाठी ४ ÷ १४० चा लॉग उणे १.५४, म्हणून उत्तर उणे ९५. सोडियमसाठी अधिक ६७. क्लोराइडचा भार उणे असल्याने चिन्ह उलटते आणि उणे ७४ मिळतात. कॅल्शियमचा भार २, म्हणून ६१.५ चे निम्मे घ्यायचे. उत्तर अधिक १२३. ही चारही गणिते स्वतः करा. नुसती वाचली तर परीक्षेत क्लोराइडचे चिन्ह हमखास चुकते.

या उत्तराचा अर्थ असा: पटलाने फक्त त्या एका आयनला वाट दिली, तर व्होल्टेज त्या आकड्यावर जाऊन थांबेल. प्रत्यक्षात एकाच वेळी अनेक आयनांना थोडीफार वाट असते, आणि ज्याला जास्त वाट तो व्होल्टेज आपल्या आकड्याकडे जास्त ओढतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर गोल्डमनच्या समीकरणाचे छोटे रूप घ्या. क्लोराइड बाजूला ठेवा, पोटॅशियमची वाट १ धरा आणि सोडियमची ०.०४. बाहेरची बेरीज ४ + (०.०४ × १४५) = ९.८. आतली बेरीज १४० + (०.०४ × १२) = साधारण १४०.५. भागाकाराचा लॉग घेऊन ६१.५ ने गुणा. उणे ७१ येतात. चेतापेशीचे रेस्टिंग पोटेन्शियल (ती शांत असतानाचे व्होल्टेज) पुस्तकात उणे ७० दिलेले असते, ते असे तयार होते.

आता तेच गणित पुन्हा करा, फक्त ०.०४ च्या जागी २० लिहा. अधिक ५४ येतात. एकाही आयनचे प्रमाण बदलले नाही, फक्त सोडियमची वाट रुंद झाली, आणि व्होल्टेज सव्वाशे मिलिव्होल्टनी उडाले. अ‍ॅक्शन पोटेन्शियल म्हणजे हेच. खरे टोक अधिक ३० ते ४० च्या आसपास राहते, कारण तोवर सोडियमची दारे बंद पडू लागतात आणि पोटॅशियमची उघडू लागतात.

तिसऱ्यांदा बाहेरचे पोटॅशियम ४ ऐवजी ८ धरा. उणे ७१ चे उणे ६२ होतात. मग पोटॅशियम पुन्हा ४ करून सोडियम १४५ वरून १३० वर आणा. फरक दोन मिलिव्होल्टही पडत नाही. रक्तातले पोटॅशियम ३.५ ते ५ च्या अरुंद पट्ट्यात सांभाळावे का लागते, हे या दोन ओळींच्या हिशोबातून जितके लख्ख कळते तितके पानभर वर्णनातून कळत नाही.

नेहमीच्या चुका, आणि त्या का होतात

सगळ्यांत पक्की बसलेली चूक म्हणजे अ‍ॅक्शन पोटेन्शियलमध्ये सोडियम आत शिरून आतले प्रमाण वाढते आणि मग पंप ते बाहेर काढून व्होल्टेज खाली आणतो, अशी समजूत. दोन्ही अर्धी वाक्ये चूक आहेत, आणि हिशोब केल्याशिवाय ती डोक्यातून जात नाहीत.

२० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घ्या. तिचे पृष्ठफळ साधारण १२५७ चौरस मायक्रोमीटर. पटलाची विद्युतधारकता दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरड. १०० मिलिव्होल्टचा फरक पाडायला लागणारा भार काढला तर तो सुमारे ७८ लाख आयनांइतका भरतो. आकडा मोठा वाटतो खरा, पण त्या पेशीतल्या एकूण पोटॅशियमशी तुलना केली तर ४५ हजारांत एक एवढाच हिस्सा हलतो. म्हणजे एका अ‍ॅक्शन पोटेन्शियलने आतले-बाहेरचे प्रमाण जवळजवळ जसेच्या तसे राहते. व्होल्टेज खाली आणतात ती पोटॅशियमची चॅनेल. पंप मागे राहून दिवसभराची गळती भरून काढत असतो. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनमध्ये (चेतापेशीच्या लांब तंतूमध्ये) विषारी द्रव्याने पंपाचा ऊर्जापुरवठा तोडला तरी अ‍ॅक्शन पोटेन्शियल बराच काळ येत राहतात. अगदी बारीक अ‍ॅक्सॉनमध्ये मात्र आतली जागा इतकी कमी असते की सलग झटक्यांनंतर प्रमाण खरोखर सरकू शकते, हेही नोंदवून ठेवा.

पंपाबद्दल आणखी एक. तो ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, म्हणजे दर फेरीला एक धन भार बाहेर जातो. त्यावरून 'पंपामुळे आत उणे होते' असे लिहिले जाते. पंपाचा असा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच असतो. त्याचे खरे काम प्रमाणातला फरक टिकवण्याचे. व्होल्टेज त्या फरकावर चालते. जेन्स स्काऊ यांनी हा पंप १९५७ मध्ये दाखवला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी पोटॅशियमच्या चॅनेलमधून तो जात नाही. का? आयन पाण्यात असताना त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते, आणि अरुंद गाळणीत शिरताना ते उतरवावे लागते. गाळणीतले ऑक्सिजन अणू पोटॅशियमच्या बरोबर मापाचे आहेत, त्यामुळे त्याला पाण्याच्या बदल्यात तेवढाच चांगला आधार मिळतो. लहान सोडियमला सगळे ऑक्सिजन पुरेसे जवळ मिळत नाहीत, म्हणून पाणी सोडणे त्याला परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये ही गाळणी स्फटिकाच्या रचनेतून दाखवली.

आलेख कसा काढायचा

आडवा अक्ष ५ मिलिसेकंदांचा, उभा अक्ष उणे १०० ते अधिक ७०. वळण काढण्याआधी दोन आडव्या तुटक रेषा मारा: अधिक ६७ वर सोडियमची, उणे ९५ वर पोटॅशियमची. अ‍ॅक्शन पोटेन्शियल या दोन रेषांच्या मधेच राहणार. मग उणे ७० पासून सुरुवात, उणे ५५ च्या आसपास उंबरठा, अधिक ३५ ला टोक, खाली येताना उणे ७० च्याही खाली थोडी बुडी, आणि हळूहळू परत. ती बुडी का येते? पोटॅशियमची चॅनेल सावकाश बंद होतात, त्यामुळे थोडा वेळ व्होल्टेज पोटॅशियमच्या रेषेकडे नेहमीपेक्षा जास्त ओढले जाते. त्याच कागदावर खाली सोडियम आणि पोटॅशियम यांच्या वाटेचे दोन वेगळे आलेख काढा: सोडियमचा झपकन वर जाऊन झपकन पडणारा, पोटॅशियमचा उशिरा आणि संथ. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या अ‍ॅक्सॉनवरून नेमके हेच वेगळे करून दाखवले.

सोडियम चॅनेलच्या तीन अवस्था आलेखावर जागच्या जागी लिहा: बंद पण तयार, उघडे, आणि निष्क्रिय. बंद आणि निष्क्रिय या अवस्था एकच समजल्या की रिफ्रॅक्टरी काळ (नवे अ‍ॅक्शन पोटेन्शियल येऊ न शकण्याचा किंवा अवघड असण्याचा काळ) कधीच समजत नाही. निष्क्रिय चॅनेल कितीही जोराने उद्दीपित केले तरी उघडत नाही. त्यासाठी व्होल्टेज आधी पुन्हा खाली जावे लागते. म्हणूनच पोटॅशियम फार वाढले की पेशी उंबरठ्याच्या जवळ असूनही शेवटी निपचित पडते: व्होल्टेज वरच अडकते आणि सोडियम चॅनेल निष्क्रियच राहतात.

रचना: दिशांपासून

मेंदूचे चित्र उघडण्याआधी एक वाकलेली रेषा काढा. मज्जारज्जू आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ: मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला) उभे, आणि मिडब्रेनच्या वर अक्ष जवळजवळ काटकोनात पुढे वळतो. त्यामुळे मज्जारज्जूत डॉर्सल म्हणजे पाठीकडे, पण मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे डोक्याच्या वरच्या बाजूकडे. हे एकदा रेषेवर बाण मारून ठेवले नाही तर पुढची निम्मी वर्णने उलटी वाचली जातात.

छेदांबाबत दोन सापळे आहेत. सीटी आणि एमआरआयचे आडवे छेद रुग्णाच्या पायाकडून पाहिल्यासारखे दाखवतात, म्हणून चित्राची डावी बाजू ही रुग्णाची उजवी. दुसरे रंगाचे. वायगर्टच्या पद्धतीने रंगवलेल्या छेदात मायेलिन (तंतूंवरचे चरबीयुक्त आवरण) काळे दिसते. म्हणजे व्हाइट मॅटर (तंतूंचा भाग) काळे आणि ग्रे मॅटर (पेशींच्या शरीरांचा भाग) फिके! निस्सलच्या रंगात पेशींची शरीरे गडद होतात. अ‍ॅटलास उघडल्यावर आधी रंगाचे नाव वाचा, आणि छेदात वेंट्रल (पोटाकडची) बाजू वर आहे की खाली हे पाहा. ब्रेनस्टेमच्या छेदांत दोन्ही पद्धती चालतात.

मग मातीने व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) बनवा. आधी पोकळी, मग भिंती, हा क्रम सोयीचा पडतो, कारण मेंदू मुळात एका नळीपासून बनलेला असतो. चौथ्या आठवड्यात तीन फुगे, पाचव्यात पाच. दोन पार्श्व व्हेंट्रिकल, मधले तिसरे, बारीक अ‍ॅक्विडक्ट, चौथे. अ‍ॅक्विडक्टभोवती मिडब्रेन येतो, चौथ्याच्या पुढे पॉन्स आणि मेड्युला, मागे सेरेबेलम. तिसऱ्याच्या दोन्ही बाजूंना थॅलॅमस. मेंदूतला द्रव एकूण साधारण १५० मिलिलिटर, पण दिवसाला ५०० च्या आसपास तयार होतो. म्हणजे तो दिवसातून तीनदा बदलतो, आणि अ‍ॅक्विडक्ट बुजला तर वरची तीनही व्हेंट्रिकल का फुगतात आणि चौथे का नाही, हे मातीकडे बघूनच सांगता येते.

मज्जारज्जूचे चार छेद

सर्व्हायकल (मान), थोरॅसिक (छाती), लंबर (कंबर), सेक्रल (त्रिकास्थी) असे चार छेद एकाच कागदावर, एकाच प्रमाणात काढा. खालून वर जाताना व्हाइट मॅटर वाढत जाते, कारण वर जाणारे तंतू प्रत्येक पातळीवर भर घालतात आणि खाली येणारे वाटेत संपत जातात. हातापायांच्या पातळ्यांवर ग्रे मॅटरची पुढची शिंगे जाड. थोरॅसिकमध्ये ती बारीक, पण बाजूला छोटे पार्श्व शिंग, जे टी-१ ते एल-२ (पहिला थोरॅसिक ते दुसरा लंबर खंड) पर्यंत असते. मागच्या स्तंभात ग्रॅसिलिस (पायांकडच्या तंतूंचा जुडगा) सगळीकडे दिसतो, क्युनिएटस (हातांकडच्या तंतूंचा) मात्र टी-६ च्या वरच. नाव झाकून छेद ओळखायचा असेल तर हाच क्रम वापरा: आधी व्हाइट मॅटर किती, मग शिंगांचा आकार, मग क्युनिएटस आहे का.

प्रौढात मज्जारज्जू एल-१ आणि एल-२ च्या सुमारास संपतो, त्यामुळे खालच्या भागात मणका आणि मज्जारज्जूचा खंड एकमेकांशी जुळत नाहीत. सर्व्हायकल मज्जातंतू आठ, मणके सात. पहिले सात तंतू आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवा सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढे सगळे खालून. एवढे लक्षात ठेवले की मोजणी चुकत नाही.

तीन ट्रॅक्ट, एक कागद

या भागाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. कागदाच्या मधोमध उभी रेषा मारा, म्हणजे शरीराची मध्यरेषा. खालून वर चार आडवे पट्टे: मज्जारज्जू, मेड्युला, थॅलॅमस, कॉर्टेक्स. तीन रंग घ्या.

स्पर्शाचा नेमकेपणा, कंपन आणि सांध्यांची जाणीव: पहिली पेशी डॉर्सल रूट गँग्लियनमध्ये (मज्जारज्जूच्या बाहेरच्या पेशींच्या पुंजक्यात), तंतू त्याच बाजूने वर मेड्युलापर्यंत, तिथे ग्रॅसिलिस किंवा क्युनिएटस न्यूक्लियसमध्ये (आतल्या पेशींच्या पुंजक्यात) दुसरी पेशी, आणि तिचा तंतू तिथेच बाजू बदलतो. वेदना आणि तापमान: पहिली पेशी त्याच गँग्लियनमध्ये, दुसरी मागच्या शिंगात, आणि तंतू एक-दोन खंड वर चढता चढता मज्जारज्जूतच पलीकडे जातो. कॉर्टिकोस्पायनल वरून खाली: पेशी कॉर्टेक्समध्ये, इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या भुजेतून उतरून मेड्युलाच्या खालच्या टोकाला ८० ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात.

बाजू बदलण्याच्या जागी रंग जाड करा. मग रबर ठेवून कागदाचा एखादा भाग झाका आणि काय गेले ते लिहा. टी-१० ला मज्जारज्जूचा डावा अर्धा भाग तुटला असे धरा. डाव्या पायाची ताकद गेली, डाव्या पायातले कंपन गेले, आणि वेदना व तापमान उजवीकडचे गेले, तेही तुटलेल्या जागेच्या एक-दोन खंड खालून. हातांना काही नाही. पाठ न करता हे उत्तर कागदावरून वाचता आले पाहिजे. येत नसेल तर चूक बहुधा दुसऱ्या ट्रॅक्टमध्ये असते: बाजू मेड्युलात बदलते असे चुकून काढलेले असते.

हा कागद दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी, पुस्तक बंद ठेवून पुन्हा काढा. जुना कागद बघून काढलेली आकृती फक्त हाताला वळण देते, स्मरणाला नाही.

ब्रेनस्टेमसाठी दोन नियम पुरतात. हालचालीची न्यूक्लियस मधे, संवेदनेची बाहेरच्या बाजूला. क्रमांक ३, ४, ६ आणि १२ च्या क्रेनियल नर्व्हची (मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्हची) न्यूक्लियस मध्यरेषेला लागून; १२ ला नि:शेष भाग जाणारे आकडे म्हणून ते लक्षात राहतात. चौथी नर्व्ह एकटीच मागच्या बाजूने बाहेर पडते. हे नियम वापरून मेड्युलाच्या डाव्या बाहेरच्या कोपऱ्यातली इजा सोडवा. चेहऱ्याची वेदना डावीकडची जाते, कारण ट्रायजेमिनलचा उतरता तंतू अजून त्याच बाजूला आहे. धडाची वेदना उजवीकडची जाते, कारण तो तंतू खालीच पलीकडून आलेला आहे. ताकद मात्र शाबूत राहते, कारण पिरॅमिड, म्हणजे तिथला कॉर्टिकोस्पायनल तंतूंचा जुडगा, मधे आहे.

बेसल गँग्लिया आणि कॉर्टेक्सचे नकाशे याच्यानंतर घ्या. आधी घेतले तर नुसती नावांची यादी होते.

पटल आणि नकाशा जिथे भेटतात

लिडोकेन हे जागेवर भूल देणारे औषध सुरेख उदाहरण आहे. ते सोडियम चॅनेलला आतल्या बाजूने अडवते, पण आत जायला पटल ओलांडावे लागते आणि ते फक्त भार नसलेले रेणू करू शकतात. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भाररहित असतात तो आकडा) ७.९, म्हणून ७.४ पीएचला साधारण २४ टक्के रेणू भाररहित असतात. सुजलेल्या, आम्ल झालेल्या ऊतीत पीएच ६.९ असेल तर हेच प्रमाण ९ टक्क्यांवर येते. पिकलेल्या दाढेला भूल नीट का लागत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

दुसरे उदाहरण मायेलिनचे. मायेलिन नसलेल्या बारीक तंतूत वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर, जाड मायेलिनयुक्त तंतूत १२० मीटरपर्यंत. सोडियम चॅनेल रॅनव्हिएच्या गाठींवर (मायेलिनच्या तुकड्यांमधल्या उघड्या जागांवर) दाटलेली असतात आणि आवरणाखालच्या पटलात फार थोडी. आवरण गेले की उघड्या पटलातून प्रवाह गळतो, आणि पुढच्या गाठीपर्यंत उंबरठा गाठण्याइतका उरत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूत हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट देतात, एक पेशी अनेक तंतूंना. बाहेर श्वान पेशी, एक पेशी एकाच तुकड्याला. आता मल्टिपल स्क्लेरोसिस आणि गिया-बारे या दोन आजारांच्या दोन आकृत्या शेजारी शेजारी काढा आणि प्रत्येकीत कोणत्या पेशीला मार बसतो ते रंगवा. ऑप्टिक नर्व्ह कुठल्या आकृतीत जाईल? नाव नर्व्हचे असले तरी ती मेंदूचाच बाहेर आलेला ट्रॅक्ट आहे, तिला मायेलिन ऑलिगोडेंड्रोसाइटचे, म्हणून ती पहिल्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, आकृतीत.